नदीकाठचे लोखंडी बूट कसे वाचायचे

बुडापेस्टचं संसद भवन बघून डॅन्यूब नदीच्या काठाने साखळी पुलाच्या दिशेला चालू लागलं, की साधारण ३०० मीटरवर पाण्याच्या अगदी कडेला बूट दिसतात. पुरुषांचे जाड कामकरी बूट, बायकांचे उंच टाचेचे, मधूनच लहान मुलांचे. काही सरळ ठेवलेले, काही कलंडलेले, काहींचं कातडं घोट्यापाशी दुमडलेलं. लांबून वाटतं, माणसं पाण्यात उतरली असतील. जवळ गेल्यावर कळतं की बूट लोखंडाचे आहेत, दगडात पक्के बसवलेले आहेत आणि त्यांची माणसं परत आलेली नाहीत.

असे ६० जोड आहेत. कल्पना चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची, शिल्पकार ज्युला पाउअर. १९४४-४५ मध्ये या नदीकाठी गोळ्या घालून मारलेल्या माणसांचं हे स्मारक १६ एप्रिल २००५ रोजी उभं राहिलं. त्याला फाटक नाही, तिकीट नाही, चौथरा नाही. कोल्हापूर-सांगलीकडून प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशा सहलीला जाणाऱ्यांना ते बहुतेक वेळा ठरवून दिसत नाही. संसद भवनाचे फोटो आणि संध्याकाळची बोटीची फेरी यांच्या मधल्या मोकळ्या तासात ते अवचित समोर येतं. एक फोटो निघतो, स्टेटसला लागतो आणि बस सुटते. तसं होऊ नये, त्या दहा मिनिटांत काय बघायचं हे आधीच ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

तिथे घडलं काय, ते आधी. दुसऱ्या महायुद्धात हंगेरी जर्मनीच्या बाजूने होती. ज्यूंवर निर्बंध घालणारे कायदे तिथे युद्धाआधीपासूनच होते. पण १९ मार्च १९४४ ला जर्मन सैन्य देशात शिरलं आणि पुढचं सगळं फार वेगाने घडलं. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून आणि लहान शहरांतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना रेल्वेच्या मालडब्यांत भरून नेलं, त्यातल्या बहुतेकांना ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत. माणसांची गणती करणं, त्यांना वस्तीतून काढणं, गाड्या भरणं ही कामं हंगेरीच्याच पोलिसांनी आणि कारकुनांनी केली. जुलैत हे थांबलं तेव्हा राजधानीतले ज्यू अजून जिवंत होते.

१५ ऑक्टोबर १९४४ ला अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाने जर्मनांच्या मदतीने सत्ता घेतली. प्रमुख फेरेन्त्स सालाशी. आता रस्त्यावर बंदुका घेऊन फिरणारी टोळकी या पक्षाची होती, त्यांत कोवळी पोरंही होती. ज्यूंना कोंडण्यासाठी शहरात भिंत घालून गेट्टो केला गेला, त्यात सुमारे ७० हजार माणसं दाटीवाटीने राहिली. आणखी हजारो ज्यू स्वीडन, स्वित्झर्लंड अशा तटस्थ देशांच्या संरक्षणाचे कागद मिळवून नदीजवळच्या वेगळ्या इमारतींत होते. राऊल वॉलेनबर्ग आणि कार्ल लुट्झ या राजनैतिक अधिकाऱ्यांनी असे कागद हजारोंनी वाटले होते. पण टोळकी या इमारतींतही घुसत, माणसं बाहेर काढत आणि रात्री काठावर आणत. डिसेंबरअखेर सोव्हिएत सैन्याने शहराला वेढा घातला तरी हे चालूच राहिलं. शहराची या काठावरची बाजू, पेस्ट, १८ जानेवारी १९४५ ला मुक्त झाली.

नदीच का? प्रेतं पुरायला माणसं लागत नाहीत, खड्डे खणावे लागत नाहीत, प्रवाह घेऊन जातो. माणसांना पाण्याकडे तोंड करून कडेला उभं करायचं आणि गोळ्या घालायच्या. दोघातिघांना तारेने एकत्र बांधून त्यांतल्या एकालाच गोळी घातली जाई, तो पडला की बाकीचेही बर्फाळ पाण्यात ओढले जात, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. गोळी वाचवायची, म्हणून.

बुटांचं कारणही तितकंच थंड आहे. गोळी घालण्याआधी बूट काढायला लावत, कारण युद्धाच्या हिवाळ्यात चामड्याचा बूट मौल्यवान होता. तो वापरता येत होता, विकता येत होता. माणूस नदीत जाई आणि त्याचे बूट मागे राहत. स्मारकात जे मांडलं आहे ते मारेकऱ्यांनी मागे ठेवून घेतलेलं आहे. हे एवढं कळलं की बाकी सगळं स्मारक उलगडतं.

कोल्हापूरच्या माणसाने हे बूट जरा जास्त वेळ बघावेत, कारण पायतणाबद्दल इथल्या लोकांना जे कळतं ते फार थोड्यांना कळतं. चप्पल वापरून वापरून पायाच्या आकाराची होते. तळ कुठे झिजला, टाच आतून घासली की बाहेरून, यावरून चालणाऱ्याची चाल सांगणारे कारागीर आपल्याकडे आहेत. बुडापेस्टचे बूट तसे बघा. ते दुकानातल्या नव्या बुटांसारखे घडवलेले नाहीत. वापरलेले, सैल पडलेले, वळ्या पडलेले आहेत. शिल्पकाराने १९४० च्या दशकातल्या पद्धतीचे बूट घडवले आणि प्रत्येक जोडाला वेगळा माणूस दिला. ६० जोड वेगवेगळे आहेत म्हणूनच ६० माणसं वाटतात; एकच साचा ६० वेळा ओतला असता तर ती नुसती रांग झाली असती.

दुसरी गोष्ट, आकार. हे बूट खऱ्या मापाचे आहेत. मोठे केले असते तर लोक मान वर करून बघत पुढे गेले असते. इथे खाली वाकावं लागतं, आणि वाकल्यावर नजरेसमोर बूट आणि त्याच्या मागे नदी, एवढंच उरतं. तिसरी गोष्ट, लोखंड. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ज्यांनी काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे की उघड्या लोखंडावर पाऊस पडला की काय होतं. इथे त्याला रंग दिलेला नाही, गंज चढू दिला आहे. त्या तांबूस-तपकिरी रंगामुळे लोखंड दुरून जुन्या चामड्यासारखं दिसतं.

बुटांच्या मागे सुमारे ४० मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर उंच दगडी बाक आहे. त्याच्या बाजूला तीन ठिकाणी, हंगेरियन, इंग्रजी आणि हिब्रू भाषांत, ओतीव लोखंडाच्या पाट्या आहेत. मजकूर एवढाच: १९४४-४५ मध्ये अ‍ॅरो क्रॉसच्या सशस्त्र लोकांनी डॅन्यूबमध्ये गोळ्या घालून मारलेल्यांच्या स्मरणार्थ. बळी कोण होते हे पाटी सांगत नाही. ‘ज्यू’ हा शब्द तिच्यावर नाही. हिब्रू पाटी बघून अंदाज येतो, पण पाटीवरच विसंबलेला प्रवासी हे साधं युद्धस्मारक समजून जाऊ शकतो. आमच्या मते ही या स्मारकाची खरी उणीव आहे. मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य ज्यू होते आणि ज्यू होते म्हणूनच मारले गेले. त्यांच्यासोबत त्यांना लपवणारेही मारले गेले. सारा शाल्काहाझी ही कॅथलिक नन, तिने काम करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात ज्यूंना आसरा दिला होता. २७ डिसेंबर १९४४ ला तिलाही नदीकाठी नेऊन गोळी घातली.

१६ एप्रिल ही तारीखही अशीच निवडलेली नाही. १९४४ मध्ये याच तारखेला हंगेरीच्या ईशान्य भागातल्या ज्यूंना गेट्टोत कोंडायला सुरुवात झाली. हंगेरीत हा दिवस आता स्मरणदिन म्हणून पाळतात. आणि एक खुलासा: गोळीबार फक्त याच जागी झाला असं नाही, काठावर अनेक ठिकाणी झाला. ही जागा त्या सगळ्यांसाठी आहे.

आता प्रत्यक्ष तिथे गेल्यावरचं. बूट नदीच्या खालच्या पातळीवरच्या काठावर आहेत. वर दोन नंबरच्या ट्रॅमचे रूळ, खाली वेगाने वाहणारा मोटाररस्ता; नकाशात अंतर कमी दिसतं म्हणून कुठूनही ओलांडू नका, सिग्नल असलेल्या जागी जा. काठाला कठडा नाही. लहान मूल बरोबर असेल तर हात धरून ठेवा. पहाटे किंवा उशिरा संध्याकाळी गर्दी कमी असते. लोक बुटांत फुलं, मेणबत्त्या आणि खडे ठेवतात. खडा ठेवणं ही ज्यू कबरींवरची जुनी रीत आहे, तेव्हा तो कचरा समजून बाजूला करू नये. फूल ठेवलं तर चालतं, हात जोडले तरी चालतं. स्वतःचा पाय बुटात घालून बघणं, शेजारी बसून हसरा फोटो काढणं, मुलाला लहान बुटाजवळ उभं करून ‘मापात आहे का’ बघणं, हे सगळं तिथे रोज घडतं आणि ज्यांची आजी या काठावरून परत आली नाही अशी माणसं ते बघत उभी असतात. फोटो काढायला मनाई नाही. नदी आणि बूट यांचा काढा, स्वतःचा नको.

स्वस्तिकाबद्दलही बोलायला हवं. गळ्यातलं लॉकेट, पिशवीवरची छपाई, कुंकवाच्या डबीवरची खूण, आपल्या डोळ्यांना ते शुभचिन्ह आहे आणि ते तसंच आहे. पण या काठावर, किंवा जर्मनी-पोलंडमधल्या कुठल्याही अशा जागी, ते दिसलं तर समोरच्याच्या मनात काय येतं याला आपलं स्पष्टीकरण पुरत नाही. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. अशा दिवशी लॉकेट सदऱ्याच्या आत आणि पिशवी खोलीवर, हे सर्वांत सोपं. आणि इथे घरी आपण कडक मास्तरांना ‘हिटलर’ म्हणतो, त्याच्या ‘शिस्ती’चं कौतुक करणारे लोक कट्ट्यावर भेटतात, ते हा काठ बघितल्यावर तोंडातून निघू नये इतकं जड वाटायला हवं.

दुसरं स्मारक तर पायाखालीच येतं. बर्लिन, कोलोन, प्राग अशा शहरांच्या फुटपाथवर दगडी फरशीत मधेच पितळेचा चौकोन चमकतो. प्रत्येक बाजू ९६ मिलिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढी. हे श्टोल्परश्टाइन, अडखळायचे दगड. कलावंत गुंटर डेम्निग यांनी पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ ला कोलोनच्या नगरभवनासमोर बसवला, त्यावर रोमा (जिप्सी) लोकांच्या हद्दपारीच्या हुकमाचा मजकूर होता. पुढे प्रत्येक दगड एका माणसाचा झाला. ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं, शेवटी काय झालं. अक्षरं यंत्राने कोरत नाहीत, हाताने ठोकतात. दगड त्या माणसाच्या शेवटच्या स्वेच्छेने निवडलेल्या घरासमोर बसतो. ज्यू, रोमा, अपंग, समलिंगी, राजकीय विरोधक, नाझींनी छळलेल्या सगळ्यांचे दगड यात आहेत. मे २०२३ मध्ये दगडांची संख्या एक लाखावर गेली.

मराठी माणसाला इथे लगेच खटकतं: नावावर पाय पडतो. हा आक्षेप फक्त आपला नाही. म्युनिक शहराने २००४ पासून याच कारणावरून सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. ज्यांना एकदा पायदळी तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत, असं तिथल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाचं म्हणणं. तिथे भिंतीवर आणि खांबावर पाट्या लावतात. दुसरी बाजू अशी की नाव वाचायचं तर मान खाली घालावी लागते, आणि पावलांनी घासून पितळ उजळत राहतं. दोन्ही बाजू मनापासूनच्या आहेत. तुम्हाला पाय ठेववत नसेल तर बाजूने जा, कुणी काही म्हणणार नाही. पितळ काळवंडलेलं दिसलं तर समजा की अलीकडे कुणी घासलेलं नाही. ९ नोव्हेंबर आणि २७ जानेवारी या स्मरणदिनांच्या आसपास शेजारपाजारचे लोक, शाळेची मुलं फडकं आणि पॉलिश घेऊन ते साफ करतात. वाचताना एक करा: एकाच दारासमोर किती दगड आहेत ते मोजा, आडनावं बघा, जन्मसालं बघा. आई, बाप आणि तीन पोरांचं घर तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं.

तिसरं स्मारक कॉफीच्या कपांचं, स्वतःच शहराशहरांतून प्रवास करणारं होतं. त्यामागे काय घडलं, ते आधी. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं, डच शांतिसैनिक तिथे होते. ११ जुलैला रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने गाव घेतलं, बायका-मुलांना बसमधून बाहेर पाठवलं आणि पुरुषांना वेगळं काढलं. नंतर पुरावा मिटवायला सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं निरनिराळ्या ठिकाणी सापडली आणि ओळख पटवायला डीएनए लागला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००४ मध्ये अपिलातही हा वंशसंहार असल्याचं कायम केलं.

या शब्दाची कायद्यातली चौकट काटेकोर आहे. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार, राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं म्हणजे वंशसंहार. किती मेले यापेक्षा हेतू सिद्ध होणं महत्त्वाचं, आणि खटल्यात सर्वांत अवघड भाग तोच असतो. भारताने हा करार १९५९ मध्ये मान्य केला.

बोस्नियन कलावंत आयदा शेहोविच यांनी २००६ पासून दर ११ जुलैला वेगवेगळ्या शहरांच्या चौकात एक मांडणी केली. नाव ‘श्टो ते नेमा’, म्हणजे ‘तू का नाहीस’. बोस्नियन घरांत कॉफी प्यायचे फिल्जान, कान नसलेले चिनी मातीचे छोटे कप, कुटुंबांनी दिलेले. चौकातच कॉफी उकळायची, कपांत ओतायची, आणि कुणी प्यायची नाही. नवऱ्याबरोबर बसून कॉफी पिणं आता नाही, हीच उणीव स्रेब्रेनित्साच्या विधवा सांगत, त्यातून हे सुचलं. कोल्हापुरात पहाटे दोघांचा चहा ठेवायची सवय असलेल्या घरात एकटं माणूस उरलं की काय होतं, तेच हे. वाटेने जाणारा कुणीही थांबून कप भरू शकत असे. काहीही ठाऊक नसताना लोक थांबत, किटली हातात घेत आणि मग विचारत की हे कशासाठी. सारायेव्हो, इस्तंबूल, टोरांटो, झुरिक, व्हेनिस अशा शहरांतून ते फिरलं. संध्याकाळी कॉफी ओतून देऊन कप धुऊन बांधून ठेवले जात, चौकात काही उरत नसे. २०२० मध्ये, २५ वर्षांनी, स्रेब्रेनित्साजवळ पोटोचारीला शेवटची मांडणी झाली, ८,३७२ कपांची; तिथल्या स्मृतिशिळेवर जो आकडा कोरला आहे, तितक्या.

मुलं बरोबर असतील तर त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न सहलीत हमखास येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘इथे काही लोकांना त्यांच्या धर्मामुळे मारलं, हे बूट त्यांच्या आठवणीसाठी’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. तारेचा, गोळ्यांचा तपशील त्याला नको. पण ‘काही नाही, शो आहे’ असं सांगू नका, मुलाला खोटं कळतं. दहावी-बारावीतल्या मुलांना मात्र सगळं सांगा, आणि कारकुनांचं आणि पोलिसांचं आवर्जून सांगा.

युरोपला जायचं नसेल तरी या इतिहासाचं एक टोक कोल्हापुरात आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड घेतलं आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो पोलिश लोकांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटलेले लोक १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. हद्दपारी आणि बुडापेस्टचा गोळीबार या एकच गोष्टी नव्हेत, त्या एकात मिसळू नयेत. पण दोन्हींत नाव, घर आणि भाषा असलेली माणसं यादीवरून उचलली गेली. छावणी बंद झाल्यावर त्याच बराकींत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली आणि तिथेच गांधीनगर वाढलं. लग्नाचा बस्ता काढायला आपण ज्या गल्ल्यांत जातो, त्या या जमिनीवर आहेत.

महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. फिरायला येणारे शेकडो जण त्याच्या शेजारून रोज जातात. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. पोलंडच्या सहलीत वॉर्सा असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा, ते शोधून दाखवतील. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत लहानपण गेलेली काही वृद्ध माणसं पोलंडहून कोल्हापूरला आली होती. पुढे त्यांची मुलं-नातवंडं येत राहतील. कुणी परदेशी पाहुण्याने स्टँडवर ‘वळिवडे’ विचारलं, तर त्याला आधी महावीर उद्यानाचा स्तंभ दाखवा, मग मिरज-कोल्हापूर लाइनवरचं वळिवडे स्टेशन आणि त्याच्यालगतचं गांधीनगर. त्याच्या आजीच्या शाळेची जागा विचारली आणि ती सांगता आली नाही, तर वळिवड्यातल्या जुन्या माणसांकडे घेऊन जा.